भरतीच्या रेघेपाशी

असं समजा, की तुम्ही खाडीच्या वाळूवर उभे आहात आणि पलीकडे तुमचंच गाव आहे. कौलं दिसतात, देवळाचा कळस दिसतो, तुमच्या घरामागचा वाकडा माडसुद्धा दिसतो. पण एकाही चुलीतून धूर निघत नाही. कोंबडा आरवत नाही. रहाट कुरकुरत नाही. तुमच्या अंगणात एक कोल्हा येतो, ऐटीत बसतो, मागच्या पायाने कान खाजवतो. तुम्ही इथून "हाऽड!" म्हणून ओरडता, पण तो ढिम्म. कारण गावात माणूसच नाही. सगळी माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या खाडीच्या या काठावर आहेत.

दिसलं? मग आता जरा डावीकडे बघा. गावाच्या टोकाला उंच कडा सरळ समुद्रात घुसलाय. त्याच्यावर पांढऱ्या पोटाचा एक थोरला पक्षी घिरट्या घालतोय. तो काहीतरी शोधतोय. आणि तो जे शोधतोय, ते तुमच्या पायाशी डालग्याखाली झाकलेलं आहे.

काय कराल? थांबा, लगेच सांगू नका. अनशीलाही लगेच सांगता आलं नव्हतं.

"मास्तरांनू, परत इली ती," अनशी म्हणाली.

ती डालग्याला टेकून वाळूत उकिडवी बसली होती. सकाळपासून तिने जागा सोडली नव्हती. मी दुर्बीण डोळ्यांना लावली. काकणाची मादी होती. तुमच्या पुस्तकात त्याला समुद्री गरुड म्हणतात, आमच्याकडे काकण. तिच्या पंजात चंदेरी काहीतरी लोंबत होतं. ती कड्यावरच्या उंच सुरूच्या झाडावर उतरली, घरट्यात डोकावली, आणि मासा तसाच पंजात धरून पुन्हा उडाली.

"मासो हाडल्यान काय गो?" अनशीने स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "हाडल्यान. आणि परत घेवन गेली."

तेवढ्यात कड्यावरून तिची हाक आली. कर्कश, तुटक, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखी. डालग्याखालून लगेच उत्तर गेलं. बारीक, पण तसंच तुटक. ऐकून बांधलेली कुत्री भुंकायला लागली, कुत्र्यांना बघून वासरं दाव्याला हिसके द्यायला लागली, आणि माडाच्या झावळ्यांच्या झोपड्यांमधून कुणीतरी ओरडलं, "अनशे, तुज्या त्या गरुडाक गप कर गो! घोव जरा आडवो झालोहा!"

अनशी म्हणजे अनसूया, माझ्या चौथीतली. आई मुंबईला एका घरी कामाला, वडील ती लहान असतानाच वारलेले. ती आजीकडे, गोपिकाबाईंकडे राहायची. मी त्या गावचा शाळामास्तर. गाव पळालं की मास्तरही पळतो, म्हणून वळकटी, स्टोव्ह आणि दुर्बीण घेऊन मीही वाळूवर येऊन राहिलो होतो.

गाव पळतं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या दक्षिण कोकणातल्या काही गावांची ती रीत आहे. गावपळण म्हणतात तिला. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेला कौल लावायचा, देवाने होकार दिला की नगारा वाजतो आणि सगळं गाव शीव ओलांडून बाहेर पडतं. तीन दिवस शिवेच्या आत एकही जीव राहायचा नाही. घरं उघडी, देव एकटा. मग पुन्हा कौल. देव हो म्हणाला तर घरी, नाही म्हणाला तर मुक्काम वाढला. एरवी पळण म्हणजे जत्राच. बायका फुगड्या घालतात, म्हातारे पत्ते कुटतात, भांडलेले शेजारी एका चुलीवर जेवतात. पोरांना शाळा नाही, अभ्यास नाही. पण त्या वर्षी कुणालाच चैन नव्हती. वारा फिरला होता, झोपड्यांच्या झावळ्या रात्रंदिवस फडफडत होत्या, आणि वर हे पाखरू.

ते पाखरू अनशीला पळणीच्या आदल्या संध्याकाळी सापडलं. घरटं सोडून उडायला अजून वेळ होता. वाऱ्याच्या झोताने की कशाने, ते सुरूवरून खाली करवंदीच्या जाळीत येऊन पडलं होतं आणि कावळे त्याला टोचून बेजार करत होते. अनशीने परकर टाकून ते धरलं. हातभर लांब, तपकिरी, पंजे अंगाच्या मानाने खूपच मोठे. पंख शाबूत होते. मी तिला म्हणालो, "आज रात्री डालग्याखाली ठेव. उजाडलं की त्याच झाडाखाली नेऊन ठेवू. त्याचे आईबाप जमिनीवरसुद्धा भरवतात."

पण उजाडायच्या आतच नगारा वाजला. आणि आमच्या गावात नगारा वाजल्यावर मागे वळायचं नसतं.

शिवेवर तातू गावकर उभे होते. गावचे मानकरी. उंच, वाळके, खांद्यावर पंचा. कुणाचं मांजर राहिलं, कुणाची कोंबडी अंड्यांवर खुडूक बसून राहिली, ते सगळं बघायचं काम त्यांचं.

"डालग्याखाली कसली कोंबडी गो?" त्यांनी विचारलं.

"कोंबडी नाय, तातू आजा. काकणाचा पिल्लू. कड्यावर सोडून येतंय. आत्ता येतंय मी."

"नगारो वाजलो. आता खंय्‌ जातंस?"

"पण ता रानातला आसा."

"रात्री खंय निजला?"

"आमच्या पडवीत."

"मगे तुमच्या घरचा झाला. ज्या छपराखाली निजला, त्या घरचा जीव. चल, भायर काढ तेका."

तातूंच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यांनी जो नियम लावला, तोच त्यांनी पूर्वी पडवीत घरटं केलेल्या चिमण्यांनाही लावला होता म्हणे, आणि चिमण्या ऐकेनात तेव्हा त्यांना हुसकत रात्रभर बाहेर बसून तातूंनाच सर्दी झाली होती. गाव अजून त्यावर हसायचं. पण हे पाखरू उडून परत जाऊ शकत नव्हतं. अनशीने डालगं डोक्यावर घेतलं आणि ती होडीत बसली.

पहिला दिवस त्याने काही खाल्लं नाही. तारल्या दाखवल्या, तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अनशीने तारलीचे दोन तुकडे करून बोटांच्या चिमटीत धरले, आणि त्याने लपकन घेतले. पोरं टाळ्या पिटायला लागली. दुपारपर्यंत ते तिच्या पावलांचा आवाज ओळखायला लागलं. दुसरं कुणी मासा धरला तर पंजे उगारायचं. अनशी आली की मान वर करून चोच उघडायचं.

"अनशीचो गरुड!" पोरं ओरडायची. "अनशे, तेका शाळेत घाल! मास्तर तेका पाढे शिकवतले!"

अनशी हसली नाही. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मास्तरांनू, ता माझ्या हातचा खाता. ह्या बरा की वायट?"

मुलं कधीकधी असा प्रश्न विचारतात, की आपण उभे असलो तर खाली बसावं लागतं. मी खाली बसलो.

"आज बरं," मी म्हणालो. "उपाशी मरणार नाही. पण त्याला मासा धरायचा कोण शिकवणार? पाण्यावरून कसं झेपावायचं, वाऱ्यावर अंग कसं टाकायचं, हे त्याच्या आईबापांनीच शिकवायचं असतं. आणि ते किती दिवस शोधतील, ते मला माहीत नाही."

"मगे गावात परत जावचा."

"कौल मिळाला की लगेच. पहिली होडी आपली."

मग आम्ही दुसराही उपाय करून बघितला. डालगं उचलून वाळूच्या पार टोकाला, माणसांपासून लांब नेऊन ठेवलं. वाटलं, मादी खाडी ओलांडून इकडे येईल. ती आलीही, अर्ध्या पाण्यावर. तिची सावली पाण्यावरून सरकताना दिसली. पण इकडे चुलींचा धूर, पोरांचा कालवा, आणि डालगं उघडं दिसताच झेपावलेले कावळे. ती तिथूनच वळली. पिल्लू पंख झाडत डालग्यावर चढलं, हातभर उडालं आणि वाळूत आपटलं. पाणी ओलांडण्याइतका जोर त्याच्यात नव्हता. अनशीने त्याला पोटाशी धरून परत आणलं. तिच्या दंडावर पंज्याचे चांगले लांब ओरखडे उठले होते. आजीने हळद लावायला बोलावलं तर गेली नाही.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांचं लक्ष देवळाकडे. गुरव आणि दोघे मानकरी कौल लावायला पलीकडे गेले. देवाच्या अंगावर पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. इकडे बायकांनी भांडी बांधून ठेवली होती. गुरांना तर वास आला होता घरचा. एक म्हैस दावं तोडून अर्ध्या खाडीत गेली आणि चार माणसांनी तिला ओढून आणलं. अनशी डालगं घेऊन होडीत जाऊनच बसली होती.

पाकळी पडली नाही. ना उजवी, ना डावी. दुपार झाली, पाकळ्या सुकल्या, पुन्हा ओल्या केल्या, तरी नाही. देव बोलतच नव्हता. तातू गावकर परतले तेव्हा त्यांचा चेहरा बघूनच लोकांनी भांडी सोडायला सुरुवात केली.

"मुक्काम वाढलो," ते म्हणाले. "कित्याक ता देवाक ठावक."

अनशी होडीतून उतरली नाही. कड्याकडे बघत राहिली. त्या दिवशी मादी सकाळी एकदाच आली होती. मासा आणला नव्हता. नर तर दिसलाच नाही.

"उद्या येयत ना ती, मास्तरांनू?"

मी दुर्बीण तिच्या हातात दिली. खोटं सांगायचं नव्हतं, आणि खरं मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी गोपिकाबाई आणि इतर बायका चुलीपाशी बसून लोखंडी टोचे धोंड्यावर घासत होत्या. कोरड्यासाला काही उरलं नव्हतं. पौर्णिमा होऊन गेली होती, म्हणजे सकाळची ओहोटी मोठी. कड्याखालची खडपं, म्हणजे भरतीत बुडणारे खडक, उघडी पडणार. त्या खडपांना कालवं असतात. शिंपला दगडाला असा घट्ट बसलेला असतो, की टोचा मारून वरची झाकणी उडवावी लागते, मग आतलं मऊ मांस निघतं. बायका ते काढायला जाणार होत्या.

अनशी बघत उभी होती. मग एकदम म्हणाली, "आजये, खंयच्या खडपार जातंस?"

"कड्याखालच्या. आणि खंयच्या?"

"ता आमच्या गावचा नाय?"

गोपिकाबाईंचा हात थांबला नाही. "खडाप गावचा कित्याक? दर्याचा. भरतीचा पाणी जंयसर लागता, थंयसर दर्याची हद्द. पळणीत आमी सदीच जातो कालवांक."

अनशी तिथून निघाली ती थेट तातूंच्या पत्त्यांच्या डावात. मी मागोमाग गेलो, कारण तिच्या चालण्यात मला काहीतरी दिसलं होतं.

"तातू आजा, खडाप कोणाचा?"

तातूंनी पान टाकलं. "दर्याचा."

"थंय जीव ऱ्हवलो तर पळण मोडता?"

"खडपार कुर्ले आसत, कालवां आसत. तेंका कोण भायर काढतलो? नाय मोडणा."

"मगे मी पिल्लू खडपार नेवन ठेवतंय."

डाव थांबला. भोवतालची माणसं बघायला लागली. तातूंनी हातातली पानं पालथी ठेवली.

"ता शिवेभायर काढलेलो जीव. तेका परत शिवेत धाडूक मी देवचंय नाय."

"मी खंय शिवेत धाडतंय? मी दर्यात ठेवतंय. थंयसून ता खंय जायत, ता तेचा तेका."

"आणि कड्यार चढला तर?"

"चढला तर ता पडवीत निजाक येवचा नाय. झाडार निजात. झाड तुमच्या छपराखाली येता काय?"

कुणीतरी फिसकन हसलं. तातू माझ्याकडे वळले. "मास्तरांनू, शाळेत पोरांक काय शिकवतास? हिका वकील करतास काय?"

"मी फक्त पाढे शिकवतो, तातू," मी म्हणालो.

तातूंनी पलीकडच्या अंधारलेल्या गावाकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "पाणी फिरला की भायर यायचा. एकय पाऊल भरतीच्या रेघेच्या वर पडता कामा नये. तुजाय, आणि मास्तरांचाय. पडला तर सगळ्या गावाक आणखी मुक्काम. कळला?"

"कळला."

"आणि पिल्लू नाय गेला, तर परत हाडूचा. थंय मरताना सोडूचा नाय."

अनशी डालग्याकडे पळाली.

दिवस वर येता येता आम्ही होडीने निघालो. गोपिकाबाई, आणखी तिघीचौघी, मी, आणि मांडीवर डालगं घेऊन अनशी. पोरांनो, तो कडा मी कितीदा वरून पाहिला होता, पण खालून पहिल्यांदाच. समुद्र इतका मागे गेला होता, की त्याने आपलं घर उघडं टाकून दिल्यासारखं वाटत होतं. काळ्या खडकांवर हिरवं शेवाळ, खळग्यांतून आरशासारखं पाणी. त्या पाण्यात फुलांसारखे दिसणारे जीव, बोट लावलं की मिटणारे. खेकडे आमची चाहूल लागताच कपारीत तिरके पळायचे आणि डोळे बाहेर काढून बघत बसायचे. एक राखाडी बगळा एका पायावर उभा होता, तो हललाही नाही. घळीतून पारव्यांचा थवा फाडकन बाहेर पडला आणि आमच्या डोक्यावरून गेला. आणि कड्यावर, माणसाच्या उंचीच्या थोडी वर, ती रेघ. खाली शेवाळाचा काळपट रंग, वर कोरडा तांबूस दगड. कुणी सुतार दोरी मारून आखून गेल्यासारखी.

बायका टोचे घेऊन पांगल्या. टकटक टकटक आवाज सुरू झाला. अनशीने कड्याच्या पायथ्याशी एक सपाट खडक निवडला आणि डालगं उचललं.

पिल्लू बाहेर आलं. अंग झाडलं. वाऱ्याने त्याचे पंख आपोआप उघडले, ते दचकलं, पुन्हा मिटले. आम्ही मागे सरकलो आणि वाट बघत बसलो.

ऊन खडकांवर उतरलं. काही नाही. ओहोटी तळाशी जाऊन थांबली, मग पाण्याची पहिली जीभ परत एका खळग्यात शिरली. मी सारखा वर बघत होतो. अनशी वर बघत नव्हती. ती पिल्लाकडे बघत होती, आणि पिल्लू तिच्याकडे.

मग हाक आली. लोखंडावर लोखंड. मादी समुद्राच्या बाजूने आली, वाऱ्यावर पंख ताठ धरून, आणि पंजात भला मोठा मासा. ती खडकावर उतरली नाही. कड्याच्या एका कंगोऱ्यावर बसली, रेघेच्या बरीच वर, पिल्लाच्या डोक्यावर. तिने मासा पायाखाली दाबला, खाली बघितलं आणि पुन्हा ओरडली.

"ती खाली येणां नाय," अनशी घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली. "मास्तरांनू, ती खाली कित्याक येणां नाय? तिका दिसला नाय काय?"

"दिसलंय. ती मासा दाखवतेय. तू वर ये, असं म्हणतेय."

"तेका येवक येणां नाय!"

"तिला वाटतं, येईल."

पिल्लू ओरडलं. मान वर करून मादीकडे बघितलं, पंख फडफडवले, दोन उड्या मारल्या. मग वळलं. खडकावरून घसरत, अडखळत, कड्याकडे पाठ करून ते अनशीच्या दिशेने यायला लागलं. चोच उघडी. तिच्या ओच्यात तारल्या होत्या. न गेलं तर परत न्यायचं म्हणून तिने बरोबर आणल्या होत्या. त्याला त्यांचा वास आला होता, की तिला बघूनच भूक लागली होती, कोण जाणे.

त्याच्या मागे पाणी आलं. तो सपाट खडक आता तिन्ही बाजूंनी ओला झाला होता.

"गो अनशेऽ!" गोपिकाबाईंनी हाक मारली. "पाणी फिरला! उचल तेका नायतर सोड, पण ये!"

अनशीने हात पुढे केला. पिल्लू एका खळग्याच्या काठावर थांबलं आणि मान उंचावून तिच्या बोटांकडे बघायला लागलं. वर मादी पुन्हा ओरडली. यावेळी तिने पंख उघडले, मासा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. निघायच्या तयारीत होती ती. मला ते दिसलं. अनशीलाही दिसलं असावं.

"ते तुझ्याकडे बघतंय, अनशी," मी म्हणालो.

"माका ठावक आसा."

तिने ओच्यातल्या तारल्या बाहेर काढल्या. एकदम सगळ्या. पिल्लाने चोच आणखी उघडली. आणि अनशीने त्याच्या डोळ्यांदेखत त्या समुद्रात भिरकावल्या. जोरात, खांदा निखळेल इतक्या जोरात. मग दोन्ही हात त्याच्यापुढे उघडे धरले. बोटं पसरून. काही नाही, बघ.

पिल्लू तरी तिच्याकडेच बघत राहिलं.

तेव्हा तिने पाठ फिरवली आणि चालायला लागली. पाण्यातून, शेवाळावरून, पाय घसरत होते तरी हाताचा आधार न घेता. पिल्लू ओरडलं. ती ओरड मी अजून विसरलो नाही. मी मागे राहिलो होतो, मला दोघंही दिसत होती. अनशीची मान एकदाही वळली नाही.

गोपिकाबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातलं भांडं पाण्याने आणि कालवांनी भरलेलं होतं. "हिची आवय अशीच जाता," त्या हळूच म्हणाल्या. "मुंबैक जाताना. गाडयेक चढता आणि मागे बघी नाय. ही पोर रडान मरता. आवय निर्दय म्हणता. दर वर्षी सांगतंय मी हिका, तशी नाय गो ती, तशी नाय. हिका पटला नाय कधी."

एक लाट आली, मोठी. सपाट खडकावरून फेस गेला. पिल्लू भिजलं, दचकलं, पंख पूर्ण उघडले. वारा त्या पंखांखाली शिरला. ते उचललं गेलं. उडालं म्हणवत नाही, फेकलं गेलं. पण कड्यावर आपटलं तेव्हा त्याचे ते अंगाच्या मानाने मोठे पंजे दगडाला रुतले. रेघेवरच. तिथे ते लटकलं, धडपडलं, पंख मारत मारत एक वीत वर गेलं. मादी वरून जोरात ओरडली. पुन्हा एक वीत. मग एका कपारीतून दुसऱ्या कपारीत. मग कंगोऱ्यावर तिच्या शेजारी, थरथरत. मादी मासा सोडून बाजूला सरकली.

"अनशी!" मी ओरडलो. "बघ! बघ वर!"

अनशी बायकांजवळ पोचली होती. ती थांबली, पण वळली नाही.

"चढला?"

"चढलं! खायला लागलं! अगं बघ तरी!"

"नको."

"आता बघितलंस तरी चालेल. ते आता तुझ्याकडे येणार नाही."

गोपिकाबाई पुढे झाल्या होत्या, त्यांनी तिच्या दंडावरचे ओरखडे आपल्या ओल्या हाताने पुसले. अनशीने आजीच्या हातातला टोचा मागून घेतला. कड्याकडे पाठ करून ती होडीजवळच्या एका उंच खडकापाशी खाली बसली, एक शिंपला शोधला आणि टोचा मारला. पहिलं कालव चिरडलं. तिने ते पाण्यात टाकून दिलं, नाक मनगटाला पुसलं, पुढच्या शिंपल्यावर नीट नेम धरला, आणि दुसरं अख्खं काढलं.